आवक-जावक : अर्ज लहान ठेवा, जागा नेमकी सांगा

पुणे महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावक टेबल सांभाळून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळचा विषय : आपल्या गल्लीसाठी काय करता येईल, आणि सुरुवात कुठून करायची.

प्रश्न : ताई, आम्ही गेल्या दिवाळीत नाशिकहून कोथरूडला राहायला आलो. दोघंही निवृत्त आहोत. परिसरासाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटतं, पण इथे कुणाला ओळखत नाही. नगरसेवकाला भेटावं की एखाद्या संस्थेत नाव घालावं?
— एक जोडपं, कोथरूड

उत्तर : दोन्ही करा, पण आधी तुमच्या भागातली आरोग्य कोठी शोधा. झाडणकाम करणाऱ्या सेवकांची हजेरी लागते ती खोली. बहुतेक कुठल्या तरी मंडईच्या मागे, नाहीतर पाण्याच्या टाकीखाली असते. सकाळी सहा-साडेसहाला तिथे मुकादम हजेरीची वही घेऊन उभा असतो. गर्दी पांगली की नमस्कार करून विचारा, ‘आमची गल्ली कुणाकडे आहे?’ कुठलं चेंबर पहिल्या पावसाला तुंबतं, रात्री राडारोडा कोण टाकून जातं, कुणाचा टँकर वळताना फुटपाथचा कोपरा फोडतो, हे त्याला तोंडपाठ असतं. चहा पाजलात तर नावानिशी सांगेल.

मग आपलं क्षेत्रीय कार्यालय नक्की करा. शहरात अशी १५ कार्यालयं आहेत. तुमचं कोथरूड-बावधन असणार, पण घर कर्वेनगरच्या अंगाला असेल तर वारजे-कर्वेनगरही असू शकतं. हद्दीच्या घरांनी हे आधी विचारून घ्यावं, कारण ‘हे आमच्याकडे येत नाही’ या वाक्यावर लोक महिनाभर इकडून तिकडे फिरलेले मी पाहिलेत. त्याच खेपेत मोहल्ला कमिटीची बैठक कधी आहे तेही विचारा. पाणी, ड्रेनेज, रस्ता, दिवे सगळ्यांचे अधिकारी एका खोलीत सापडायची ती जागा. पहिल्या बैठकीत बोलू नका. कोण काय विचारतं आणि त्याला काय उत्तर मिळतं तेवढं लिहून घ्या.

नगरसेवकाला भेटायला हरकत काहीच नाही. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली सगळी वर्षं प्रशासक होता. त्या काळात कार्यालयाचा जिना ज्यांना माहीत होता त्यांची कामं होत राहिली; बाकीचे ‘आता सांगायचं कुणाला’ म्हणत बसले. तुम्ही जिना माहीत असणाऱ्यांत जा.

प्रश्न : महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायला सांगते, असं वाचून मी गेल्या वर्षी अर्ज दिला. ‘आमच्या भागातील पदपथ सुधारावेत, झाडे लावावीत, ज्येष्ठांना बसण्याची सोय करावी व भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करावा.’ पोच घेतली नव्हती. पुढे काहीही झालं नाही. हा सगळा देखावाच का?
— निवृत्त शिक्षक, सहकारनगर

उत्तर : सर, देखावा नाही. पण तुमच्या अर्जाचं काही होणार नव्हतं, हे मी पहिल्या ओळीवरच सांगितलं असतं.

तो टेबलावर आला तेव्हा काय झालं असेल ते सांगते. पदपथ म्हणजे पथ विभाग. झाडं म्हणजे उद्यान. कुत्री म्हणजे आरोग्य. बाकडी कोणाची ते जागेवर ठरतं. एक कागद चार खात्यांच्या फायलींत कसा जाणार? लिपिकाने तो पहिल्या शब्दावरून पथ विभागाकडे टाकला. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने वाचलं, ‘आमच्या भागातील पदपथ’. सहकारनगरचे सगळे? तो बिचारा टेप घेऊन जाणार कुठे? त्याने शेरा मारला, ‘सविस्तर तपशील नाही’, आणि विषय संपला. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता.

आता ही योजना काय आहे ते नीट बघा. पुण्यात ती २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून चालू आहे, आणि देशात हे लवकर सुरू करणाऱ्या शहरांत आपण आहोत. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला अर्ज मागवतात. पेपरात चिमुकली जाहिरात येते, गणपतीच्या गडबडीत ती कुणी वाचत नाही. एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा असते. म्हणजे फुटपाथचा तुकडा, बसथांब्याची शेड, चार दिवे, बाकडी, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती, अशी कामं. उड्डाणपूल मागणारे अर्जसुद्धा मी शिक्का मारून घेतलेत. शिक्का मारणं माझं कामच होतं.

तुमचाच अर्ज मी असा लिहिला असता : ‘अमुक कॉलनी, गल्ली क्रमांक अमुक. दवाखान्यासमोरील विजेच्या खांबापासून (खांब क्रमांक अमुक) बसथांब्यापर्यंत डाव्या बाजूचा पदपथ, लांबी अंदाजे ४० मीटर. तीन ठिकाणी फरशी खचली आहे. बसथांब्यापाशी पदपथाची उंची ३० सेंटिमीटर आहे. खचलेला भाग दुरुस्त करून दोन्ही टोकांना उतार करावा.’ संपलं. बाकडं वेगळ्या अर्जावर, झाडं वेगळ्या अर्जावर, कुत्र्यांची तक्रार तर या योजनेत घालूच नका. तिची वाट वेगळी आहे.

लांबी पावलांनी मोजली तरी चालते. विजेच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो जरूर लिहा. दुकानं बदलतात, खांब सहसा हलत नाही. उंची मात्र टेप लावून मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. फोटोच्या चौकटीत शेजारच्या दुकानाची पाटी येऊ द्या, नाहीतर एका फुटक्या फरशीचा फोटो दुसऱ्या फुटक्या फरशीसारखाच दिसतो. आणखी एक जोड द्या. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी असं म्हटलंय. पुणे महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरणही २०१६ पासून आहे. ३० सेंटिमीटरची पायरी ही ज्येष्ठांची कुरकुर राहत नाही मग, नियमाचा भंग होतो. अभियंत्यालाही वर फाइल पाठवताना तेच हवं असतं.

जागा कुणाची हे पाठवण्याआधी बघा. सोसायटीचा आतला रस्ता महापालिकेच्या ताब्यात दिलेला नसेल तर तिथे काम निघणार नाही. तुमच्या पर्वती-सहकारनगरच्या बाजूला आणखी एक भानगड आहे, मुठा उजवा कालवा. त्याच्या काठची जागा जलसंपदा खात्याची. तिथे बाकडं मागितलंत तर दोन कार्यालयं एकमेकांना पत्रं लिहीत बसतील आणि तुम्ही उभेच राहाल.

पोच घेतली नाहीत म्हणता, याचं मला फार वाईट वाटलं. शिक्षक माणूस तुम्ही! दोन प्रती न्यायच्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हटलं तर बाकावर बसून राहायचं. साहेब परत येतात.

पुढचं वेळापत्रक असं. आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारी-मार्चच्या दरम्यान अंदाजपत्रक मांडतात. नागरिकांनी सुचवलेल्या कामांची यादी त्यात प्रभागवार असते. आपलं काम त्यात आहे का ते बघा. असेल तर एक एप्रिलनंतर दर महिन्याला एकदा विचारणा करा, एस्टिमेट झालं का, निविदा निघाली का, वर्क ऑर्डर कुणाला. एप्रिल-मे गेले की पावसाळा, पावसाळा गेला की सणवार, आणि मग मार्च जवळ आला की सगळी शहरं खणायला लागतात, ते तुम्ही दरवर्षी बघताच. यादीत नाव नसेल तर कार्यालयात जाऊन फाइल बघायला मागा. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना फायली दाखवायची पद्धत पुणे महापालिकेत होती, २०१८ साली राज्य सरकारने ती इतर ठिकाणीही लागू केली होती; आता कधी दाखवतात ते आधी विचारून घ्या. तुमच्या अर्जावर काय शेरा मारलाय हे डोळ्यांनी वाचता येतं. फाइल दाखवली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. पण मी तो अर्ज शेवटी करते. आधी माणसाशी बोलून बघावं.

आणि देखाव्याचं म्हणाल तर एक गोष्ट सांगते. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचा होता, तेव्हा १८८० साली त्याच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. बाकी सगळे राजी झाले. एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिलं. हा पैसा शिक्षणावर लावा म्हणाले. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण कुठला रुपया कुठे जाऊ नये हे त्यांनी नेमकं सांगितलं, म्हणून आज आपण ते नाव घेऊन बोलतो आहोत. ‘खर्च कमी करावा’ असं मोघम म्हणाले असते तर कुणाच्या लक्षात राहिलं असतं?

प्रश्न : आमच्या वळणावर रोज कचरा पडतो. आम्ही रांगोळी काढली, कुंड्या ठेवल्या, भिंतीवर देवांच्या टाइल्स लावल्या. आता लोक टाइल्सच्या शेजारी कचरा टाकतात. मंडळाच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात.
— सोसायटीच्या सेक्रेटरी, धनकवडी

उत्तर : आधी टाइल्स उतरवा. देवांना पहाऱ्याला बसवायची ही पद्धत मला कधीच आवडली नाही, आणि गुण येत नाही हे तुम्ही पाहिलंतच.

अशा जागेला कार्यालयात ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. ती जागा सुशोभित केल्याने सुटत नाही, वेळ जुळवल्याने सुटते. तीन-चार दिवस सकाळी साडेसहापासून गॅलरीत उभं राहून नुसतं बघा. भांडू नका. बहुतेक ठिकाणी टाकणारे तेच निघतात. कचरा घ्यायला येणाऱ्या ताई नऊ वाजता येतात आणि ज्यांची कंपनीची बस सातला असते अशी माणसं. भाड्याच्या खोल्यांत कॉट घेऊन राहणारी मुलं, ज्यांचा कचरा घ्यायला कुणाला सांगितलेलंच नसतं. आणि एखादी वडापावची गाडी, जिचा दिवसाचा कचरा रात्री अकराला तयार होतो.

यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा. सातच्या माणसांसाठी गेटच्या आत दोन झाकणाचे डबे, ओला आणि सुका. कॉटवाल्या मुलांच्या मालकाला गाठा. तो शेजारच्याच बंगल्यात राहतो आणि भाडं रोख घेतो. गाडीवाल्याशी बोलायला मात्र मंडळाची मुलंच लागतील. ती हसली, कारण तुम्ही त्यांना ‘लक्ष ठेवा’ म्हणालात. लक्ष ठेवणं हे काम नसतं. ‘वडापाववाल्या दादांना रात्रीची पिशवी कोठीपाशी ठेवायला लावायचं, हे तुमच्याकडे’ असं म्हणा. वर्गणी गोळा करताना ज्या पोरांना प्रत्येक दुकान माहीत असतं त्यांना एवढं जड नाही. गणपतीच्या दहा दिवसांत सात-आठशे माणसांची रांग सांभाळणारी मुलं आहेत ती, आणि आपण त्यांच्याशी फक्त डीजेच्या आवाजावरून बोलतो.

कचरा नेणाऱ्या ताईंशीही बसून बोला. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ पासून तिच्या सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करतात. त्यांचं उत्पन्न तुमच्या महिन्याच्या पैशांवर आणि विकता येणाऱ्या सुक्या कचऱ्यावर असतं. तुम्ही पुठ्ठा, बाटल्या भंगारवाल्याला विकून त्यांना नुसता ओला कचरा देत असाल तर त्या तुमच्या वळणासाठी वाकडी वाट का करतील? सुका कचरा त्यांना द्या, निवडायला पार्किंगमध्ये सावलीची दोन मीटर जागा द्या, हात धुवायला नळ द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांना पुडी उघडून बघावी लागत नाही. हे तुमच्या सभेत तुम्हालाच बोलावं लागेल. पुरुष मंडळी त्या विषयाला चहा मागवतात.

सोसायटीत गांडूळखत प्रकल्प, सोलर किंवा पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण असेल तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते. प्रकल्प चालू असायला हवा, नुसता बांधलेला नव्हे. सभासदांना कचऱ्यात रस नसतो, कराच्या बिलात असतो. सभेत तिथून सुरुवात करा.

प्रश्न : काकू, मी परभणीचा. सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. मतदान गावाला आहे, खोली भाड्याची आहे. मी इथे काय करणार? पण दिवसभर अभ्यासिकेत बसून डोकं फिरतं.
— एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, अभ्यास सोडून काही करू नकोस, तुझ्या आईने विचारलं तर मी काय सांगू. पण आठवड्यातले दोन तास काढता येतात.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेला लेखनिक लागतात आणि ते ऐन वेळी मिळत नाहीत. जवळच्या कॉलेजात चौकशी कर. कुठल्या परीक्षेला कोण चालतो याचे नियम असतात, ते आधी विचार. अक्षर बरं असेल तर तुझ्यासारखा माणूस सोन्याचा. दुसरं, पेठेत एकेकटे राहणारे म्हातारे खूप. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाइलवरून देता येतो, पण त्यांना ते जमत नाही. विरंगुळा केंद्रात जाऊन सांग की दर शनिवारी पाच ते सहा मी इथे बसेन. फक्त एक पथ्य पाळ, कुणाचा ओटीपी स्वतःच्या वहीत लिहू नकोस, आणि बँकेच्या ॲपला हात लावू नकोस. उद्या काही झालं तर नाव तुझं येईल.

हवेशीर काही हवं असेल तर ‘जीवितनदी’ या नदीसाठी झटणाऱ्या संस्थेचे लोक विठ्ठलवाडीला मुठेच्या काठावर काम करतात. चप्पल जुनी घालून जा.

प्रश्न : आमचा चाळीस जणांचा ग्रुप रोज पाषाणच्या टेकडीवर फिरायला जातो. येत्या जुलैत ५०० झाडं लावायचा संकल्प आहे. वड, पिंपळ, गुलमोहर आणि आंबा ठरवलाय. ग्रुपसाठी हिरवे टी-शर्ट छापतोय. काही सूचना?
— बाणेर-पाषाण लिंक रोड

उत्तर : आहेत, आणि त्या तुम्हाला आवडणार नाहीत.

जुलैत झाड लावायला चाळीस माणसं येतात. एप्रिलमध्ये त्याला पाणी घालायला किती येणार, त्यावर झाडांची संख्या ठरवा. टेकडीवर माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. फेब्रुवारी संपेपर्यंत ओल उडते. निदान पहिले तीन उन्हाळे हाताने पाणी न्यावं लागतं. वेताळ टेकडीवर सकाळी माणसं पाठीवर कॅन घेऊन चढताना दिसतील, त्यांना विचारा एका माणसाच्याने किती झाडं होतात. ५०० म्हणजे तुमच्यातल्या प्रत्येकाला बाराच्या वर येतात. मी म्हणेन पन्नास लावा आणि पन्नास जगवा.

लावण्याआधी परवानगी. टेकडीचा बराच भाग वन विभागाचा, काही खाजगी, काही महापालिकेचा. वन विभागाच्या जागेत आपल्या मनाने खड्डे घेता येत नाहीत, आणि विचारलंत तर ते बहुधा जागा दाखवून देतात.

जाती बदला. गुलमोहर मादागास्करचा, तो रस्त्याकडेला शोभतो. आंब्याला तिथे माती पुरणार नाही. आपल्या टेकड्यांवर पूर्वी गिरीपुष्प भरमसाठ लावलं गेलं. भराभर वाढतं म्हणून हिरवं दिसलं, पण त्याच्या दाटीत बाकी फार काही वाढत नाही. साळई, मेडशिंग, पळस, पांगारा, काटेसावर ही त्या मुरमात टिकणारी झाडं. आणि सगळीकडे झाडं हवीतच असंही नाही. टेकडीचा गवताळ उतार म्हणजे रिकामी जागा नव्हे, तिथे चंडोल जमिनीवर घरटं करतो. तो उतार तसाच सोडा.

पाणी घालण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे वणवा. फेब्रुवारीपासून वाळलेलं गवत एका सिगारेटने पेटतं आणि तीन वर्षांची रोपं तासाभरात जातात. थंडी संपायच्या आत वन विभागाला विचारून रोपांभोवतीचं गवत कापून घ्या. मार्च ते मे संध्याकाळच्या वेळी दोघा-दोघांच्या पाळ्या लावा, कारण पार्ट्या तेव्हाच होतात. कुणी काडी पेटवताना दिसलं तर वाद घालू नका, वन विभागाचा नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

टी-शर्ट छापायला टाकले नसतील तर थांबवा. तेवढ्या पैशांत पाच लिटरचे चाळीस कॅन येतात.